कोयत्याची सनद
(प्रस्तावना)

कीटकनाशकाची बाटली विकणाऱ्या दुकानदाराला सरकारी परवाना लागतो. मचवा समुद्रात घालणाऱ्याला बंदरावर नोंद करावी लागते. एवढेच काय, आठवड्याच्या बाजारात तांदूळ मोजणाऱ्याचा काटाही वजनमापे खात्याच्या शिक्क्यावाचून चालत नाही. परंतु ऐंशी वर्षांच्या हापूसच्या कलमावर किंवा एखाद्या शाळेच्या आवारातल्या वडावर कोयता अथवा यांत्रिक करवत घेऊन चढणाऱ्या मनुष्याला ‘हे काम तू कोठे शिकलास?’ एवढा साधा प्रश्न विचारण्याची तजवीज आमच्या कायद्यांत नाही, आणि रिवाजात जी होती ती आम्ही गेल्या दोन पिढ्यांत हातची घालवली आहे. प्रस्तुत पुस्तक या उणिवेविषयी आहे. वृक्षसंगोपन हा व्यवसाय म्हणून कसा शिकवला जातो, शिकलेल्याची परीक्षा कोण घेतो, परीक्षेत उतरलेल्याला कोणता दाखला मिळतो आणि त्या दाखल्याची किंमत किती समजावी, हा त्याचा विषय. तो ऐकून पुष्कळांना हे सारे दूरच्या धनाढ्य देशांतले प्रकरण वाटेल. हस्तलिखित हाती आले तेव्हा मलाही तसेच वाटले होते. चार संध्याकाळी ओटीवर बसून ते वाचून काढले, आणि पाचव्या दिवशी सकाळी परसातल्या फणसाकडे पाहताना, त्याच्या बुंध्यावरल्या तीन जुन्या खांडांपैकी दोन निगुतीने मिटलेली आणि तिसऱ्याची ढोली झालेली आहे ही गोष्ट चाळीस वर्षांत प्रथमच माझ्या लक्षात आली.

प्रारंभी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. या व्यवसायाला इंग्रजी मुलखात ‘आर्बोरिस्ट’ असे एक नाव आहे. मराठीत असे एक नाव नाही. कामे मात्र सगळी आहेत, आणि प्रत्येक कामाचा माणूस निराळा. कलम बांधणारा निराळा. माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली निराळा. भाजावळीसाठी ऐन-किंजळाचा कवळ तोडणारा निराळा. खोडकिड्याने पाडलेल्या भोकाशी ताजा भुसा दिसताच आत तार घालून अळी ओढून काढणारा, आंब्यावरचे बांडगूळ फांदीसकट उतरवणारा, पावसाळ्यापूर्वी कौलांवर आलेली फांदी दोरखंडाने अंगणात अलगद सोडणारा, हे सगळे आपापल्या कामापुरते जाणते. लेखकाने या सर्वांना मिळून ‘वृक्षसंगोपक’ हा शब्द योजला आहे आणि ‘वृक्षवैद्य’ हा अधिक रुबाबदार शब्द बुद्धिपुरस्सर टाळला आहे. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘वैद्य जखम बरी करतो. झाडाची जखम बरी होतच नाही. झाड ती आत कोंडून ठेवते.’ या उत्तराचा उगम मला पुढे सापडला. त्याविषयी योग्य ठिकाणी लिहितो.

झाडाच्या कामाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यातली चूक चूक करणाऱ्यापेक्षा दीर्घायुषी असते. सुताराची चौकट त्याच दिवशी वाकडी दिसते, स्वयंपाकिणीची भाजी त्याच पंगतीत खारट लागते. पण फांदी बुंध्याला घासून कापली, किंवा उलट हातभर खुंट ठेवून कापली, तर त्याचे फळ दिसायला आठ-दहा वर्षे जातात. एका कार्यालयाच्या आवारात विलायती शिरीषाचे एक छत्रासारखे पसरलेले झाड होते. ते फार वाढले म्हणून मक्ता देऊन त्याचे मुंडके छाटण्यात आले, आणि दोन पावसाळ्यांत त्याला चहूबाजूंनी इतकी दाट पालवी फुटली की, मीदेखील ‘बघा, कसे टवटवीत झाले!’ असे म्हणणाऱ्यांत होतो. ती नवी फुटवण सालीलगतच्या थरालाच चिकटलेली असते, जुन्या फांदीसारखी गाभ्यापासून उगवलेली नसते, हे मला कोण सांगणार? काही वर्षांनी पहिल्याच वादळात त्यातली मांडीएवढी एक फांदी आवाराच्या भिंतीवर येऊन पडली. सुदैवाने भिंतीखाली कोणी नव्हते. तोवर मक्तेदार दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला, मंजुरी देणारे साहेब बदलून गेलेले, आणि बिल तर केव्हाच अदा झालेले. जाब कोणाला विचारावा?

हाच प्रश्न माझ्या वडिलांच्या काळी उपस्थित झाला नसता. आमच्या आगरात काम करणारे गृहस्थ आमच्याच वाडीत, दोन कुंपणे पलीकडे राहत. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांची कलमे बांधली होती, आणि त्यांनी कापलेल्या फांदीचा खुंट कुजू लागला तर वडील नुसते कुंपणापाशी उभे राहून हाक मारीत. त्यांना दाखल्याची गरज नव्हती, कारण ते स्वतः सापडत होते. शेजार हीच त्यांची सनद आणि गाव हाच त्यांचा जामीन. आता बागेत काम करणारे हात रानपाखरांसारखे हंगामी झाले आहेत. राखणीला नेपाळातून माणसे येतात, फवारणीला एक टोळी, छाटणीला दुसरी, आणि त्या साऱ्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात. शेजाराने जे काम केले ते आता कोणत्या तरी कागदाला करावे लागणार आहे. माझ्या मते प्रमाणपत्र ही विद्वत्तेची पावती मानण्यापेक्षा, पुढे दहा वर्षांनी जाब विचारायला कोणी सापडेल याची कबुलायत मानावी. लेखकाला प्रमाणपत्रात ज्ञान अधिक दिसते, मला जबाबदारी अधिक दिसते. या मतभेदाची हकीकत वाचकाने मनात ठेवूनच पुढे वाचावे.

झाडे जाणणाऱ्याची पात्रता ठरवावी ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. कौटिल्याने सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेतीवरच्या मुख्य अंमलदाराच्या अंगी जी विद्या असावी म्हणून सांगितले आहे तीत वृक्षायुर्वेदाचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि ती विद्या त्याला स्वतःला नसेल तर ती जाणणारी माणसे त्याने जवळ बाळगावी, अशी व्यवहारी सवलतही आहे. आजच्या कोणत्याही नगरपरिषदेच्या नेमणुकीच्या जाहिरातीत हे वाक्य जसेच्या तसे घालता येईल. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला एक अध्याय दिला, सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’ची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती, आणि नलिनी साधले यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरासह ती 1996 साली प्रसिद्ध झाली. सुरपाल झाडांचे रोग वात, पित्त, कफ यांच्या भाषेत सांगतो. ते वाचताना स्मित येते खरे. तथापि माणूस आणि झाड यांना एकाच परीक्षेने तपासू पाहणाऱ्या त्या बुद्धीला झाडाविषयी केवढी आस्था असली पाहिजे, हेही जाणवते.

महाराष्ट्राच्या आपल्या दफ्तरात तर याहून जवळचा दाखला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी जो हुकूम आहे त्यात आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी रयतेच्या मनाविरुद्ध त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे म्हटले आहे, आणि एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन मगच ते तोडावे अशी त्याला पुस्ती जोडली आहे. हुकमाचा रोख कोकणावर आहे हे उघड आहे. झाडाचे वय, त्याचा मालक आणि त्याची अवस्था या तिन्ही गोष्टी तोडण्यापूर्वी पाहाव्या हे अठराव्या शतकाच्या आरंभी आमच्या राज्यकर्त्याने लिहून ठेवले. त्याच काळात, आणि आजही, देवराईतली वाळकी फांदी काढायची तर गावकार-मानकऱ्यांनी ग्रामदेवतेचा कौल घ्यायचा, हा रिवाज रत्नागिरीच्या खेड्यांत चालत आला. कौलाचे शास्त्र काहीही असो, त्याचा एक व्यावहारिक परिणाम असा होई की, फांदी कापण्यापूर्वी दहा माणसे ती फांदी नीट पाहत.

आता या विद्येचे अर्वाचीन प्रवाह. लेखकाने त्यांची विभागणी पुष्कळ बारकाईने केली आहे. नवख्या वाचकासाठी मी ती ढोबळ करून सांगतो.

पहिला प्रवाह फळबागेचा, आणि रत्नागिरीपुरता तो सर्वांत जुना व समृद्ध. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात भेट कलमाची कला रुजली आणि हापूस तिच्यामुळेच जातिवंत राहिला असे इतिहासकार मानतात. भेट कलमात खुंटाचे रोप कुंडीसकट मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत नेऊन, मचाणावर ठेवून, दोहोंच्या साली तासून एकमेकांना बांधाव्या लागतात आणि दोन-तीन महिने त्यांची राखण करावी लागते. पुण्याच्या कृषिखात्यातील बर्न्स आणि प्रयाग यांनी 1921 साली आंब्यावर मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर ही विद्या मुख्यतः हातातून हातात गेली होती. स्वातंत्र्यानंतर संस्था आल्या : 1955 साली भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र, 1957 साली वेंगुर्ल्यास फळ संशोधन केंद्र, आणि 1972 साली दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ, ज्याला पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. वेंगुर्ल्याने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली ‘रत्ना’ दिला, त्याच्या पुढच्या पिढीत 1992 साली ‘सिंधू’. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना म्हणजे कोय कलमाचे तंत्र येथे बसवले गेले. कोय रुजून पंधरा दिवसही झाले नाहीत अशा कोवळ्या रोपावर पावसाळी दमट हवेत काडी बसवायची. मचाण नको, महिनोन्महिन्यांची राखण नको. 1990 साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कलमांना एकाएकी अशी मागणी आली की, रोपवाटिकांच्या मांडवांत शेकडो नवे हात, त्यांत पुष्कळ स्त्रियांचे, चाकू आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन बसले. भेट कलमाची कला शिकायला ज्याला उमेदीची वर्षे घालवावी लागली त्याला हे पाहून काय वाटले असेल याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

या प्रवाहाचा भर उत्पन्नावर. झाड चांगले म्हणजे त्याला मोहोर चांगला. कल्टार या व्यापारी नावाने प्रसिद्ध असलेले पॅक्लोब्युट्राझोल झाडाच्या घेरावरून मोजून बुंध्याभोवती घालावे, म्हणजे पालवी आवरते आणि मोहोर येतो, ही दापोलीची शिफारस. ती मोजूनमापून पाळणारे बागायतदार आहेत, तसे ‘शेजाऱ्याने घातले म्हणून’ दुप्पट घालणारेही आहेत. ही मात्रा सांगणारा पुष्कळदा बाटली विकणाराच असतो. त्याच्या भिंतीवर परवाना टांगलेला असतो, पण तो विक्रीचा, झाड पाहण्याचा नव्हे.

दुसरा प्रवाह वनखात्याचा. मुंबई इलाख्यात 1847 साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले, 1878 साली डेहराडूनला वनविद्येची शाळा निघाली, आणि तेव्हापासून झाडाकडे पाहण्याची एक शिस्तबद्ध, पदव्यांनी आणि हुद्द्यांनी बांधलेली परंपरा या देशात आहे. तिचे ऋण मोठे आहे. पण ती झाड एकटे कधीच पाहत नाही. तिला जंगल दिसते, लाकडाचे घनफूट दिसतात. शाळेच्या आवारातला एकुलता एक वड तिच्या कोष्टकात बसत नाही.

तो बसतो तिसऱ्या प्रवाहात, आणि हा प्रवाह प्रामुख्याने अमेरिकेत वाढला. जॉन डेव्ही या इंग्लंडमधून तेथे गेलेल्या माळ्याने 1901 साली झाडांच्या डॉक्टरकीवर पुस्तक लिहिले आणि 1909 साली आपल्या कामगारांसाठी शाळा काढली. 1924 साली सावलीच्या झाडांविषयी जी परिषद भरली तिचीच पुढे आर्बोरिस्टांची आंतरराष्ट्रीय संस्था झाली. परंतु या प्रवाहाला खरे वळण दिले ते अलेक्स शायगो यांनी. 1959 साली अमेरिकेच्या वनसेवेत रुजू झालेल्या या बुरशीतज्ज्ञाने यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून पाहिली. तोवर झाडे आडवी कापून वलये मोजण्याची पद्धत होती. उभी चिरल्यावर त्यांना असे दिसले की, कुजण्याची क्रिया जखमेपासून वाटेल तशी पसरत नाही; झाड तिच्याभोवती भिंती घालते, वर-खाली जाणाऱ्या वाटेवरची भिंत सर्वांत दुबळी, आणि जखमेनंतर नव्याने धरलेल्या लाकडाची भिंत सर्वांत भक्कम. जुने लाकूड पुन्हा सांधत नाही, ते कोंडले जाते. लेखकाच्या त्या उत्तराचा उगम हा. यावरून शायगोंनी छाटणीचा नियम सांगितला : फांदी बुंध्याला जेथे मिळते तेथे एक फुगीर कडे असते, त्याच्या बाहेरून कापावे, कडे कापू नये आणि खुंटही ठेवू नये. साल सोलली जाऊ नये म्हणून जड फांदीला आधी खालून घाव द्यावा, मग पुढे वरून कापून वजन उतरवावे, आणि शेवटी कड्याबाहेरचा खुंट काढावा. आमच्या आगरातले ते गृहस्थ आधी खालून कोयता मारीत, हे मला स्वच्छ आठवते. ते कड्याचा विचार करीत होते की केवळ साल वाचवीत होते, हे विचारायला आता ते नाहीत.

येथे एक वाद आहे, आणि पुस्तकातला तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. जखमेवर लेप लावावा की लावू नये? शायगोंची शाळा म्हणते, लावू नये. रंग, डांबर, मलम यांनी कुज थांबत नाही, उलट कधी कधी ओल आत कोंडली जाते. आमची कृषिशाळा म्हणते, आंब्याची मोठी फांदी कापली की बोर्डो पेस्ट लावलीच पाहिजे. एकाने दुसऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे. पण ज्या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत, जेथे उघड्या लाकडाचा वास लागताच खोडकिडा अंडी घालायला टपलेला असतो, तेथे थंड प्रदेशातल्या मेपल-ओकवर काढलेला सिद्धान्त विनातपासणी लागू होतो काय? उलट, पेस्ट लावली म्हणजे फांदी कशीही कापली तरी चालेल असा जो समज बागांतून पसरला आहे त्याचा वाली कोण? लेखकाने दोन्ही बाजूंची रुजुवात घालून पाहिली आहे आणि निकाल देण्याची घाई केलेली नाही. पुष्कळ वाचकांना हा डळमळीतपणा वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

माडाचे प्रकरण तर याहून बोधप्रद. माड हे झाड म्हणून आपण बोलतो, पण त्याच्या खोडाला आंब्या-फणसासारखा सालीखालचा वाढता थर नाही. त्यामुळे चढण्यासाठी पाडलेली खाच जन्मभर तशीच राहते, आणि तिच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. शेंडा एकच, तो गेला की माड गेला. म्हणजे ज्या विद्येने आंब्याची छाटणी करायची ती येथे निरुपयोगी, किंबहुना घातक. पाडेल्याला हे सर्व ठाऊक असते. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून तो वर जातो तेव्हा नारळ उतरवताना गेंड्या भुंग्याने शेंड्यात भोक पाडले आहे काय हेही त्याने पाहावे अशी अपेक्षा असते. पण पाडेलीच दुर्मिळ झाले. मुलांना तो धंदा नको, आणि नको म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. पडून जायबंदी झालेल्यांच्या घरची अवस्था आम्ही सर्वांनी पाहिली आहे. नारळ विकास मंडळाने 2011 पासून ‘नारळ वृक्षाचे मित्र’ नावाचा जो उपक्रम चालवला आहे त्यात यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे, रोग-किडी ओळखण्याचे सहा दिवसांचे शिक्षण आणि शिकलेल्याला अपघाताचा विमा, अशी जोड आहे. यंत्राने चढले तर खाच पाडावी लागत नाही. सहा दिवस थोडे, हे खरे. पण या साऱ्या किनाऱ्यावर झाडावर चढणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत कागदावर लिहिणारी योजना म्हणून मला तिचे अप्रूप वाटते. या उपक्रमाविषयी लेखकाने लिहिलेला मजकूर मात्र मला फार त्रोटक वाटला, आणि तसे मी त्यांना सांगितले आहे.

परदेशी दाखल्यांची माहिती पुस्तकात विस्ताराने आहे. मी एक-दोनच गोष्टी निवडतो. आर्बोरिस्टांच्या त्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र 1992 पासून दिले जाते. परीक्षेला बसण्यापूर्वी प्रत्यक्ष कामाची तीन वर्षे, अथवा शिक्षण आणि काम यांची जोड. परीक्षेत सुमारे 200 प्रश्न, मातीपासून कायद्यापर्यंत. आणि मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, तेवढ्या काळात नवे शिक्षण घेतल्याचा हिशेब दिला नाही तर ते संपते. चढण्याच्या कामाची वेगळी परीक्षा, झाडाच्या धोक्याचे मूल्यमापन करण्याची वेगळी पात्रता. भारतात हे प्रमाणपत्र असणारे फार थोडे. मला त्यातली मुदत सर्वांत आवडली. आमच्याकडे पदवी एकदा मिळाली की ती जन्मभराची, आणि तिच्या जोरावर मनुष्य तीस वर्षांनीही तेच बोलतो. कोयत्यासारखे कागदालाही दर हंगामाआधी पाजवावे लागते, हे मान्य करणारी ती पद्धत आहे.

पण दोनशे लेखी प्रश्नांची परीक्षा आमच्या आगरातल्या त्या गृहस्थांनी कशी दिली असती? त्यांना सही करता येई, वाचता जेमतेम. उलट दापोलीतून उद्यानविद्येची किंवा वनविद्येची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या हुशार मुलांपैकी चाळीस फुटांवर दोरावर लटकून करवत चालवणारे किती? युरोपातल्या वृक्षकामगाराच्या प्रमाणपत्राला झाडावरच प्रात्यक्षिक द्यावे लागते, कागद दुय्यम. मला वाटते कोकणाने नमुना घ्यायचाच तर तो घ्यावा, आणि परीक्षा मराठीत, फणसाखाली, तोंडी घ्यावी. एरवी असे होईल की, ज्याला हात आहे त्याला कागद नाही, आणि ज्याला कागद आहे तो खाली उभा राहून वरच्याला हुकूम सोडील. रस्त्याच्या कामावर हे दृश्य आपण रोज पाहतोच.

हा विषय आज निकडीचा का झाला, हे रत्नागिरीकराला फार समजावून सांगण्याची गरज नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि दापोली-मंडणगडच्या बागांतली माड-पोफळींची आगरेच्या आगरे आडवी झाली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. त्या दिवसांत उन्मळलेल्या झाडांवर ज्यांनी करवती चालवल्या त्यांतल्या पुष्कळांनी ताणलेल्या खोडाचा हिसका काय असतो हे प्रथमच अनुभवले. आणि जी कलमे अर्धवट कलली होती, दोन वर्षे टेकू लावून जगली असती, तीही घाईने तोडली गेली, कारण ‘हे जगेल’ असे अधिकाराने म्हणणारा कोणी तेथे नव्हता. महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या वडा-आंब्यांविषयी मी येथे लिहीत नाही. ते लिहायला बसलो तर प्रस्तावना त्याचीच होईल.

कायदा काय म्हणतो? नागरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, झाडांची गणना अशी व्यवस्था आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्यावरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळा मान दिला. 2018 साली मुंबईच्या प्राधिकरणावर तज्ज्ञ सभासद नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने त्याच्या निर्णयांना आवर घातला होता, म्हणजे परवानगी देणाऱ्याला झाड कळले पाहिजे इथवर आपण आलो. परवानगी मिळाल्यावर करवत कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न शिल्लक आहे. आणि यात एक विनोदही आहे. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. कोणत्या पाच जिल्ह्यांतल्या फळाला हापूस म्हणावे याचा दाखला सरकारदरबारी रुजू झाला. पेटीवर शिक्का बसला. ज्या झाडाला ते फळ लागते त्याला हात लावणाऱ्याकडे शिक्का नाही.

या पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. झाडांची ओळख करून देणारे ते पुस्तक नव्हे, आणि घरी बसून छाटणी शिकण्याचे तर मुळीच नव्हे. तशी समजूत करून घेऊन कोणी शिडी लावील तर त्याचे पाप प्रस्तावनाकाराकडेही येईल, म्हणून हा इशारा. बागायतदाराने, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाने, नगरपरिषदेच्या कारकुनाने झाडाच्या कामासाठी माणूस लावताना काय विचारावे, काय पाहावे आणि काय लिहून घ्यावे; आणि या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाने कोठे, किती आणि कोणाकडून शिकावे, एवढे त्याचे प्रयोजन. लेखक स्वतः आधी बागेत राबले आणि मागाहून पुस्तके वाचली. त्यामुळे त्यांच्या वाक्यांना कोठे कोठे खडबडीतपणा आहे; काही परिभाषा त्यांनी स्वतः घडवली आहे आणि तीतली सगळीच टिकेल असे मला वाटत नाही. परंतु बेचके, खांड, ढोली, फुटवण हे आपले शब्द त्यांनी संस्कृत प्रतिशब्दांखाली गाडले नाहीत याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पुस्तकाच्या अखेरीस काही कोरी पाने जोडली आहेत. त्यांवर रकाने आखले आहेत : झाड, तारीख, काय कापले, का कापले, कापणाऱ्याचे नाव. प्रकाशकांना ती कागदाची उधळपट्टी वाटली होती. ती राहावीत म्हणून मी भांडलो, आणि पुस्तकात माझा वाटा असेल तर तो एवढाच. छपाईपूर्वीच्या प्रतीत पहिली नोंद मी आमच्या फणसाची केली. घरावर आलेली एक फांदी कापायला मालगुंडकडचा एक तरुण आला होता. त्याने आधी खालून घाव दिला, मग वरून, आणि कडे सोडून खुंट काढला. काम संपल्यावर मी वही पुढे केली. त्याने शेवटच्या रकान्यात नाव लिहिले, थोडा थांबला, आणि म्हणाला, ‘काका, खाली गाव आणि फोन नंबरपण लिहू काय? म्हणजे पुढं काय झालंच तर...’

रत्नागिरी